मोकळी जागा आणि आगंतुक तण

पडीक प्लॉट, रस्त्याची कड, अती चराईने उघडा पडलेला माळ: गाजर गवत आधी तिथे माजतं. मारवेल, पवन्या, कुसळी दाट असलेल्या कुरणात मात्र त्याला सहजी पाय रोवता येत नाही. स्थानिक जाती जितक्या जास्त, तितका परक्यांचा शिरकाव अवघड, असं इंग्रज परिसरशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी 1958 साली मांडलं होतं.

हे तपासायची सोय अमेरिकेत, मिनेसोटातल्या सीडर क्रीक इथे झाली. डेव्हिड टिलमन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये रेताड जमिनीत वाफे पेरले. कुठे एकच जात, कुठे 2, 4, 8, तर कुठे 16. ठरलेल्या जातीच टिकाव्यात म्हणून खुरपणी सतत चालू. आगंतुक कुठे जास्त उगवतात हे खुरपणाऱ्यांना आलेख न पाहताही कळत असणार.

बहुजातींच्या वाफ्यांत आगंतुक कमी आले, आले तेही खुरटे राहिले. कारण जमिनीखाली आहे. काही गवतं वसंतातल्या गारव्यात वाढतात, काही भर उन्हाळ्यात. कुणाची मुळं उथळ, कुणाची खोल. एकाच जातीच्या वाफ्यात वर्षाचा काही काळ आणि मातीचा काही थर मोकळा राहतो. अनेक जाती असल्या की नायट्रेट शोषलं जातं, जमिनीपर्यंत ऊनही पोचत नाही. नवं रोप उगवतं आणि उपाशी राहतं.

पण नुसती संख्या मोजून भागत नाही. पुढे या वाफ्यांत 27 जातींचं बी टाकलं, तेव्हा नवख्याला सर्वांत जास्त अडवलं ते त्याच्याच गटातल्या, म्हणजे त्याच्यासारखीच वाढ असलेल्या वनस्पतींनी. एकूणात उन्हाळी गवतं सर्वांना भारी पडली, कारण ती मातीत नायट्रेट फारसं शिल्लकच ठेवत नाहीत. जाती वाढल्या की असा एखादा खमका गडी त्यांत असण्याची शक्यता वाढते.

मोठ्या प्रदेशाचा नकाशा पाहिला तर चित्र अनेकदा उलटं दिसतं: जिथे स्थानिक जाती जास्त, तिथे परक्याही जास्त. सुपीक, ओलसर जमीन दोघांनाही मानवते. अडवणूक चालते ती शेजाऱ्या-शेजाऱ्यांत, हातभर अंतरात.

आपल्याकडे गाजर गवतावर टाकळ्याचं बी फेकण्याचा सल्ला देतात. पावसाळ्यात तो उपयोगी पडतो. पण टाकळा पावसानंतर वाळतो, आणि गाजर गवताला ओल मिळाली की उगवायला कुठलाही महिना चालतो.