नवी सायकल : कोणती आणि कशासाठीं?



घरांत एखादी नवी वस्तु घ्यावयाची म्हटली म्हणजे तिच्याविषयीं चार माणसांचीं चार मतें होतात. सायकलीच्या बाबतींत मात्र हीं मतें बहुधा दुकानांतच बनतात, आणि निकाल विक्रेत्याच्या हातीं राहतो. हल्लीं शहरांतून पुष्कळ मंडळी कचेरीला जाण्यासाठीं 'हायब्रिड' जातीची सायकल वापरतात. दोन-तीन वर्षें ती इमानें चालविल्यावर मनांत येतें कीं, आतां हिच्याहून चांगली घ्यावी. ही 'चांगली' म्हणजे नेमकी कोणती, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. प्रश्न दिसतो लहान. पण त्यांत कुटुंबाची बरीच रक्कम गुंतलेली असते, आणि निवड चुकल्यास पैशांहूनही मोठें नुकसान होतें. न जुळणारी सायकल लगेच मोडत नाहीं. ती गॅलरींत उभी राहते, आणि मोठ्या प्रयासानें लागलेली व्यायामाची संवयही तिच्याबरोबर सुटते.

प्रथम हायब्रिड म्हणजे काय तें पाहूं. इ. स. १८८५ मध्यें इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें, मागील चाकाला सांखळीनें गति देणारी 'रोव्हर' सायकल तयार केली. पुढें १८८८ मध्यें जॉन बॉइड डनलॉप यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. आजची प्रत्येक सायकल या दोहोंची वंशज आहे. या वंशांत एकीकडे पक्क्या रस्त्यांवर धांवणारी हलकी शर्यतीची सायकल निपजली, तर दुसरीकडे १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत डोंगरवाटा तुडविणारी 'माउंटन बाइक' जन्मास आली. हायब्रिड हा या दोन शाखांचा संकर होय. चाकाचा व्यास शर्यतीच्या सायकलीचा, हँडल डोंगरी सायकलीसारखें सरळ, आणि टायर साधारण ३५ ते ४० मिलिमीटर रुंद. ही तडजोड आहे खरी. पण शहरांतल्या रोजच्या कामासाठीं ती शहाणपणाची तडजोड आहे. म्हणून नवी घेण्यापूर्वीं आपली हायब्रिड आपणांस काय देत नाहीं, याचें उत्तर स्वतःशीं स्पष्ट झालें पाहिजे. तक्रारी बहुधा तीन असतात : वेगाची, चढाची आणि लांब पल्ल्याची. तिघींचें औषध मात्र एक नव्हे.

वेगाची तक्रार आधीं घेऊं. "माझी सायकल पळत नाहीं" असें जो म्हणतो, त्यानें सायकलीला दोष देण्यापूर्वीं वाऱ्याकडे पाहावें. सपाट रस्त्यावर ताशीं २० किलोमीटरच्या सुमारास जातांना आपले निम्म्याहून अधिक श्रम हवा बाजूस सारण्यांत खर्च होतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि त्याविरुद्ध पुढें जाण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत. २० चा वेग २५ करावयाचा म्हणजे तो सव्वापट करावयाचा, १.२५ चा घन सुमारें १.९५ येतो. अर्थात् हवेपुरती शक्ति जवळजवळ दुप्पट हवी. ही दुप्पट शक्ति नवी सायकल कोठून आणणार? ती फार तर आपला देह वाऱ्याच्या तोंडून थोडा काढूं शकते. खालीं वळलेल्या हँडलावर वांकून बसल्यानें छातीवर येणारा वारा कमी होतो. शर्यतीच्या सायकलीच्या वेगाचें मोठें मर्म तेथें आहे. ज्याची कंबर वा मान तासभर वांकून बसूं देत नाहीं, त्याला त्या सायकलीचा वेगही मिळत नाहीं. शिवाय लाभाचा हिशेब करून पाहावा. कचेरी १६ किलोमीटर दूर असेल, तर २० च्या वेगानें ४८ मिनिटें लागतात आणि २५ च्या वेगानें सुमारें ३८. हीं दहा मिनिटें मोकळ्या रस्त्यावरचीं झालीं. शहरांत चौकाचौकांतील दिवे त्यांतलीं बरींचशीं परत घेतात.

चढाच्या बाबतींत लोकांचें सर्व लक्ष वजनाकडे असतें. दुकानांत गिऱ्हाईक एका हातानें सायकल उचलून पाहतो आणि हरखून जातो. येथेंही त्रैराशिक मांडावें. समजा, सामानासह माणसाचें वजन ७० किलो आहे आणि जुनी सायकल १३ किलोंची, एकूण ८३. नवी सायकल ९ किलोंची घेतली, तर एकूण ७९. फरक सुमारें पांच टक्क्यांचा. उभ्या चढावर जवळजवळ सारे श्रम वजन वर नेण्यांतच जात असल्यामुळें, जो घाट पूर्वीं एका तासांत चढत होतों तो तितक्याच श्रमांत सुमारें ५७ मिनिटांत चढूं. तीन मिनिटांचें मोल किती, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

चढावर खरा जीव वांचवितात ते गियर. आणि नेमक्या याच ठिकाणीं पुष्कळांची फसगत होते. पुढील दांतेरी चक्राच्या दांत्यांना मागील चक्राच्या दांत्यांनीं भागिलें म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यांत मागील चाकाचे किती फेरे होतात तें कळतें. अनेक हायब्रिडांना पुढें सर्वांत लहान चक्र २८ दांत्यांचें आणि मागें सर्वांत मोठें ३२ दांत्यांचें असतें. भागाकार ०.८७५. चाकाचा परीघ सुमारें २.१ मीटर धरल्यास पॅडलच्या एका फेऱ्यांत सायकल १.८४ मीटर पुढें जाते. आतां पुढें ३४ आणि मागें २८ दांते असलेली शर्यतीची सायकल घ्या. भागाकार १.२१, आणि एका फेऱ्यांतील अंतर २.५५ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारावयाचे, तर पहिलीवर ताशीं सुमारें साडेसहा किलोमीटरच्या चालीनें चढतां येतें. दुसरीवर मात्र सव्वानऊची चाल राखलीच पाहिजे. तेवढी दमछाक सोसत नसेल, तर पाय अधिक सावकाश व अधिक जोरानें दाबावे लागतात, आणि तो सारा जोर गुडघ्यांवर येतो. पुण्याचा माणूस हौसेनें हलकी सायकल घेऊन दिवे घाटांत किंवा सिंहगडाच्या रस्त्यावर गेला आणि आपल्या जुन्या जड हायब्रिडची आठवण काढूं लागला, तर त्यांत नवल नाहीं. यास्तव वजनाच्या आधीं दांते मोजावे. मागें ३४ दांत्यांचें चक्र असल्यास भागाकार १ येतो, आणि पुढें ३० असल्यास तो जुन्या हायब्रिडच्या बरोबरीस, म्हणजे ०.८८ वर, उतरतो. चाळिशीपुढील नवशिक्यानें १ पेक्षां मोठा आंकडा सहसा पत्करूं नये.

आतां लांब पल्ला. 'ब्रेव्हे' या फ्रेंच नांवाच्या दीर्घ फेऱ्या आपल्याकडेही पुष्कळ लोकप्रिय झाल्या आहेत. त्यांत २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरें करावयाचें असतें. पहिल्या फेरीचा भागाकार केला, तर चहापाणी धरून ताशीं १५ किलोमीटरांहूनही कमी वेग पडतो. म्हणजे येथें कसोटी वेगाची नाहीं. आठ-दहा तास तळहात, मान आणि बैठक यांनीं तक्रार न करण्याची आहे. सरळ हँडलावर हात ठेवण्याची जागा मुख्यतः एकच असल्यामुळें दोन-तीन तासांनीं बोटें बधिर होऊं लागतात. वळलेल्या हँडलावर तीन-चार ठिकाणीं हात बदलतां येतात. लांब जाणारासाठीं त्याचा हा उपयोग वेगाहूनही मोठा आहे. असें हँडल असूनही समोरची बाजू उंच ठेवलेल्या सायकलींना 'एन्ड्युरन्स' म्हणतात. त्यांतच ४० मिलिमीटर वा अधिक रुंद टायरांना जागा दिली म्हणजे ती 'ग्रॅव्हल' सायकल होते.

टायरविषयीं एक जुना समज सोडून दिला पाहिजे. अरुंद आणि दगडासारखा फुगविलेला टायर सर्वांत वेगवान, असें पूर्वीं मानीत. परंतु तितक्याच दाबाचा रुंद टायर कमी दबतो, आणि खडबडीत रस्त्यावर अति फुगविलेला टायर प्रत्येक खड्यावरून सायकलीला व स्वाराला वर उडवितो. त्यांत आपली शक्ति व्यर्थ जाते. आपल्याकडील खड्डे, गतिरोधक आणि सिमेंटच्या ठोकळ्यांचे रस्ते पाहतां, ज्या सायकलींत ३२ मिलिमीटरांहून रुंद टायर मावत नाहीं, ती रोजच्या कामासाठीं घेणें धाडसाचें होय. टायर पुढें बदलतां येतो; त्याला मावण्याची जागा मागाहून वाढवितां येत नाहीं.

पावसाळ्याचा विचार तर आपल्याकडे चुकवितां येणारच नाहीं. चाकाच्या कडेवर दाबणारा ब्रेक ओल्यांत लगेच धरीत नाहीं. आधीं कडेवरचें पाणी पुसलें जावें लागतें, आणि तेवढ्यांत घाटाच्या उतारावर सायकल बरीच पुढें गेलेली असते. चाकाच्या मध्याशीं बसविलेल्या चकतीचा ब्रेक या बाबतींत अधिक विश्वासू. त्यांतही तेलाच्या दाबानें चालणाऱ्या ब्रेकला बोटांचा जोर कमी लागतो. त्याचबरोबर मडगार्ड व कॅरिअर बसविण्यासाठीं फ्रेमला भोंकें आहेत कीं नाहींत, हें वांकून पाहावें. शर्यतीच्या अनेक सायकलींना तीं नसतात. मग कचेरीची पिशवी पाठीवर आणि रस्त्याचा चिखलही पाठीवर.

फ्रेमच्या धातूविषयीं थोडक्यांत सांगतों. ॲल्युमिनियम हलकें व स्वस्त. पोलाद जड, पण दुरुस्तीस सोपें. कार्बन सर्वांत हलका, परंतु आदळल्यावर त्याची चीर वरून दिसेलच असें नाहीं, म्हणून जुना घेतांना जपावें. या साऱ्यांपेक्षां फ्रेमचें माप महत्त्वाचें. सीटवर बसून टांच पॅडलवर ठेवली असतां, पॅडल तळाशीं आल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. म्हणजे चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित् वांकलेला राहतो. सीटची उंची कमीजास्त करतां येते. हँडलपर्यंतचें अंतर मात्र फ्रेमनेंच बरेंचसें ठरविलेलें असतें. सूट मिळते म्हणून एक माप मोठी सायकल घेणें म्हणजे सूट मिळते म्हणून दुसऱ्याच्या मापाचे जोडे घेणें होय.

कित्येकदां नवी सायकल लागतच नाहीं. जुनी मंदावली असेल तर तिची सांखळी मोजावी. एका पिनेच्या मध्यापासून पुढील चोविसाव्या पिनेचा मध्य बरोबर १२ इंचांवर असावयास हवा. तें अंतर एक षोडशांश इंचानें वाढलें असल्यास सांखळी बदलावी. एक अष्टमांशानें वाढलें असल्यास मागील चक्रेंही बहुधा झिजलेलीं असतात. नवी सांखळी, चांगल्या प्रतीचे थोडे अरुंद टायर आणि योग्य हवा एवढ्यानें हायब्रिड पुष्कळ हलकी चालूं लागते. मात्र तिलाच वळलेलें हँडल बसविण्याच्या फंदांत पडूं नये. ब्रेकच्या व गियरच्या मुठी बदलाव्या लागतात, खर्च फुगतो, आणि हायब्रिडची फ्रेम मुळांतच लांब असल्यामुळें हात नको तितके ताणले जातात.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं एक महिना लहानशी वही ठेवावी. कोठें गेलों, किती अंतर झालें, आणि सायकल कोठें अपुरी पडली, एवढेंच रोज लिहावें. वहींत केवळ कचेरीची वाट आणि झिजलेल्या भागांची कुरकुर निघाली, तर जुनीच दुरुस्त करावी. रविवारचा लांब पल्ला आणि बधिर बोटें निघालीं, तर एन्ड्युरन्स पाहावी. तोच पल्ला कोंकणांतल्या किंवा खेड्यापाड्यांच्या कच्च्या वाटांवरून जात असेल, तर ग्रॅव्हल पाहावी. तरुण, लवचिक आणि चांगल्या रस्त्यावर सोबत्यांच्या बरोबरीनें धांवूं इच्छिणारानें शर्यतीची घ्यावी, व कचेरीसाठीं जुनी ठेवावी. रक्कम ठरवितांना शिरस्त्राण, दिवे, पंप आणि कुलूप यांचा खर्च आधींच बाजूला काढावा. आणि शेवटचें म्हणजे, पैसे देण्यापूर्वीं निदान अर्धा तास, रोजची पिशवी बरोबर घेऊन, एखाद्या चढावर ती सायकल चालवून पाहावी. विक्रेता त्याला तयार नसेल, तर शहरांत दुसरींही दुकानें आहेत.