विंडोज १० चे अपडेट थांबले. घरातल्या जुन्या लॅपटॉपचं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. त्या दिवशी कुणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही. सकाळी बटण दाबलं, तो रोजच्यासारखा सुरू झाला. फरक एवढाच की, यापुढे त्यात एखादी नवी फट सापडली तर ती बुजवायला कुणी येणार नाही. नाव नोंदवणाऱ्यांना एक जादा वर्ष मिळालं, तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

मग विंडोज ११ का टाकू नये? कारण त्यासाठी ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते. २०१३ ते २०१६ च्या दरम्यान घेतलेले बहुतेक लॅपटॉप इथेच बाद होतात. काही हौशी मंडळी ही अट चुकवून विंडोज ११ टाकतातही, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

शहरात यावर सोपं उत्तर असतं: जुना विका, नवा घ्या. धारणीसारख्या ठिकाणी गणित वेगळं आहे. जिल्ह्याचं ठिकाण अमरावती सुमारे दीडशे किलोमीटरवर, तेही मेळघाटच्या वळणावळणाच्या रस्त्याने. मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर त्याहून जवळ. ज्या घरात एकच लॅपटॉप आहे, तिथे मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, निकाल, बँकेचं काम, लग्नाचे फोटो सगळं त्याच्यावरच असतं. त्यामुळे घरात कुणी एक हौशी निघतो, मागचे स्क्रू उघडतो आणि जुन्या मशीनशी खटपट सुरू करतो. या खटपटीत काय चालतं आणि काय फसतं, ते पाहू.

लॅपटॉप म्हातारा झाला की नुसती डिस्क?

दहा वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला चार-पाच मिनिटं घेतो, तेव्हा दोष प्रोसेसरवर जातो. बहुतेक वेळा तो बिचारा रिकामाच बसलेला असतो. वाट पाहायला लावते ती हार्ड डिस्क.

लॅपटॉपमधल्या नेहमीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते. माहिती वाचायची तर एक बारीक दांडी त्या तबकडीवर योग्य जागी सरकते आणि हवा तो भाग खाली येईपर्यंत थांबते. दर खेपेला यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या छोट्या फायली असतील तर सेकंदाला जेमतेम शंभरेक खेपा. विंडोज सुरू होताना नेमक्या अशाच हजारो खेपा माराव्या लागतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, माहिती चिपमध्ये असते. तीच कामं ती सेकंदाला हजारोंनी उरकते.

म्हणून जुन्या लॅपटॉपवर पहिला खर्च एसएसडीचाच करावा. अडीच इंची साटा एसएसडी जुन्या डिस्कच्याच जागी, त्याच खाचेत बसते. काढलेली हार्ड डिस्क फेकायची नाही. यूएसबीच्या पेटीत घातली की ती फोटोंचा बॅकअप ठेवायला कामी येते.

रॅम वाढवताना एक बारकावा हमखास नडतो. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्याच. पण पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर. २०१३ नंतरचे बरेच लॅपटॉप फक्त दुसरीच स्वीकारतात. चुकीची पट्टी लावली की पडदा काळाच राहतो आणि माणूस समजतो, लॅपटॉप गेला. तो गेलेला नसतो. पण पट्टी बदलायला पुन्हा परतवाडा किंवा अमरावती गाठावी लागते, म्हणून निघण्याआधी जुन्या पट्टीवरचं लेबल मोबाइलवर टिपून घेतलेलं बरं.

लिनक्स: आधी चाखा, मग वाढून घ्या

लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सच्या आज शेकडो आवृत्त्या आहेत. विंडोजची सवय असलेल्यांना त्यातली लिनक्स मिंट जवळची वाटते, आणि तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते. सगळं मोफत.

अडचण दुसरीच असते. मिंटची फाइल ३ जीबीच्या आसपास आहे. मोबाइलच्या ज्या पॅकमध्ये रोज दीड-दोन जीबी मिळतात, त्यात ती एका दिवसात मावत नाही आणि मध्येच रेंज गेली की ब्राउझर कधी कधी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. यावर उपाय टॉरंटचा. तो फाइल तुकड्या-तुकड्यांनी आणतो, आज अर्धी, उद्या अर्धी. शेवटी प्रत्येक तुकडा बरोबर आला का तेही तपासतो.

मग ती फाइल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. या अवस्थेत मिंट चालते, पण डिस्कला हात लावत नाही. वाय-फाय पकडतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे इथेच पाहून घ्यावं. पक्कं बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ असा एक पर्याय समोर येतो. तो शब्दशः खरा असतो. बॅकअप न घेता तो निवडला की लग्नाचे फोटो गेले.

आणि लिनक्स सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. अंगठ्याचा ठसा घेणारी कित्येक यंत्रंही विंडोजशिवाय चालत नाहीत. घरातला लॅपटॉप दुकानाच्या हिशेबाला किंवा सेवा केंद्राला लागत असेल, तर त्याला हात लावू नये.

वीज गेली की

लॅपटॉपची बॅटरी मेली की बरेच जण ती काढून थेट चार्जरवर काम चालवतात. त्या क्षणापासून तो लॅपटॉप राहत नाही, यूपीएस नसलेला डेस्कटॉप होतो. वीज गेली की तोही गेला, आणि त्या वेळी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर ती फाइल अर्धीच राहते. रास्पबेरी पाय हा २०१२ साली आलेला हाताच्या पंजात मावणारा संगणक हौशींचा लाडका आहे. पण त्यात बॅटरीच नसते आणि सगळं एका मेमरी कार्डावर असतं. वारंवार वीज जाणाऱ्या घरात ते कार्ड बिघडू शकतं.

घरात इन्व्हर्टर असूनही डेस्कटॉप का बंद पडतो, हा प्रश्नही नेहमीचा. संगणकाचा वीजपुरवठा साधारण १६ मिलिसेकंदांचा खंड सोसतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर वीज बदलून घ्यायला त्याला त्याहून जास्त वेळ लागतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की हा वेळ कमी होतो आणि काम भागतं.

वऱ्हाडातला मे महिना बॅटरीचा काळ आहे. लिथियम बॅटरी उष्णतेत, त्यातही कायम शंभर टक्के भरलेली असेल तर, लवकर थकते. की-पॅड किंवा तळ फुगलेला दिसला की लॅपटॉप वापरणं थांबवायचं. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, आणि कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही.

रेंज नसेल तर?

धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं. तिथे टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला होता. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६० सेंटीमीटर, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झची साडेबारा. लांब लहर झाडी आणि डोंगरउतारावरून त्यातल्या त्यात बरी पार होते, म्हणून मेळघाटच्या जंगलात ती कल्पना वाजवी होती. घरातही हेच लागू पडतं. जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ चं वाय-फाय चांगलं पोचतं.

रेंजची वाटच पाहायची नसेल तर किविक्स हा मोफत प्रोग्रॅम आहे. विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की तो नेटशिवाय वाचता येतो. चित्रांसह इंग्रजी विकिपीडिया १०० जीबीच्या पुढे जातो, मराठी त्यामानाने अगदी लहान.

जुन्या मराठी फायलींचं काय?

लिनक्सवर गेल्यावर धक्का बसतो तो इथे. वडिलांनी पंधरा वर्षांपूर्वी श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टाइप केलेला अर्ज उघडला की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मजकूर बिघडलेला नसतो. त्या काळच्या कित्येक फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि हे काम विंडोज काढून टाकण्याआधीच करावं, कारण मूळ मजकूर शेजारी दिसत असेल तरच रफार आणि जोडाक्षरांच्या चुका सापडतात. पुढे टायपिंगला सी-डॅकचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये असतोच. कोरकूही देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे तिच्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. आजीच्या गोष्टी त्याच लॅपटॉपवर ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड करून शेजारी कोरकूत टाइप करायच्या तर ४ जीबी रॅम भरपूर झाली.