एका वेळी एकच धावपट्टी

जरीमरीच्या गल्लीत उभं राहिलं की विमान आधी ऐकू येतं, मग छपरांच्या वर उघडलेली चाकं दिसतात. बोलणारी माणसं तेवढ्यापुरती थांबतात आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे बोलू लागतात. भिंतीपलीकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची मुख्य धावपट्टी आहे.

मुंबईचा पहिला विमानतळ जुहूचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पण पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं, विमानांना पुण्याचा आसरा घ्यावा लागायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेला सांताक्रूझचा तळ, म्हणजे आजचा हाच विमानतळ, पुढे नागरी वाहतुकीकडे आला आणि 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला झेपावलं. जुहू मात्र इतकं जवळ, की 1953 मध्ये एक कॉमेट आणि 1972 मध्ये जपानी प्रवासी विमान सांताक्रूझ समजून चुकून तिथेच उतरलं!

ऐंशीच्या दशकात सहारचं टर्मिनल आलं. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्याला पोचवायला सहार आणि दिल्लीला जाणाऱ्याला सांताक्रूझ, अशी मुंबईकरांच्या बोलण्यात वाटणी झाली. 2006 मध्ये कारभार खासगी भागीदारीकडे गेला, 2014 मध्ये मोराच्या पिसाऱ्यासारख्या छताचं नवं टर्मिनल उघडलं. राजीव सेठी यांनी तिथे मांडलेलं कलादालन घाईतल्या प्रवाशानेही थांबून पाहावं असं आहे.

तरीही या विमानतळाचं खरं कर्तृत्व मला इमारतीत दिसत नाही. इथे धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं हाकता येत नाहीत. भार असतो तो एकीवरच. उतरलेलं विमान टॅक्सीवेकडे वळतं न वळतं तोच उड्डाणाला निघालेलं दुसरं तोंडाशी येऊन उभं राहतं आणि तिसरं घाटकोपरच्या बाजूने खाली येत असतं. मनोऱ्यातल्या नियंत्रकाला सेकंदांचा हिशेब चुकवून चालत नाही. याच अडचणीतून 8 डिसेंबर 2018 रोजी चोवीस तासांत 1,007 विमानांची ये-जा झाली. पावसाळ्याआधी आणि नंतर डागडुजीसाठी धावपट्ट्या सहा तास बंद ठेवतात, तेवढ्याने साऱ्या दिवसाचं वेळापत्रक बदलावं लागतं.

वाढायला जागा नाही. चारी बाजूंनी वस्ती आणि धावपट्टीखालून जाणारी मिठी नदी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझ वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा विमानतळ बंद पडला. नदीला जागा नाकारली की ती कुठे जाते, हे शहराने त्या दिवशी पाहिलं.

आता डोंगर कापून, उलवे नदी वळवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचं 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं. तिथल्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, सांताक्रूझला जे कधीच शक्य झालं नाही ते. त्यासाठी पनवेल भागातल्या गावकऱ्यांनी घरं आणि शेतं सोडली आहेत, हे विसरता कामा नये. इथली काही गर्दी तिकडे जाईलही. विमानतळाच्या भिंतीलगतच्या ज्या सहार-जरीमरीतल्या वस्त्या हलवायच्या म्हणतात, त्यांचं पुनर्वसन मात्र पनवेलला करता येणार नाही. कामधंद्याच्या आसपास घर मिळावं, ही या वस्त्यांतल्या लोकांची मागणी रास्त आहे आणि तिला उत्तर इथेच द्यावं लागेल.