औषधविक्रेत्याचे वाढते दायित्व आणि आयुर्वेदीय औषधे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. त्या काळी वैद्य बहुधा स्वतःच औषध सिद्ध करीत असल्याने औषधविक्रेत्यास या चतुष्पादात स्वतंत्र स्थान नाही. आज मात्र रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वी एकदा आणि चिकित्सालयातून बाहेर पडल्यावर पुन्हा एकदा औषधाच्या दुकानात उभा असतो. तेथे त्यास जे सांगितले जाते, अथवा सांगितले जात नाही, त्यावर आपल्या चिकित्सेचे फलित बऱ्याच अंशी अवलंबून राहते.

अन्य देशांनी ही वस्तुस्थिती ओळखून औषधनिर्मात्यास, म्हणजे फार्मासिस्टला, अधिकृत भूमिका दिली. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून ‘फार्मसी फर्स्ट’ योजनेखाली घसादुखी, कानदुखी, सायनसचा शोथ, नागीण, स्त्रियांमधील साधा मूत्रमार्ग-संसर्ग अशा सात व्याधींत फार्मासिस्ट ठरवून दिलेल्या मर्यादेत रुग्णास तपासून औषध देऊ शकतो. आपल्याकडे असा अधिकार नाही. तथापि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णास औषधाविषयी समुपदेशन करणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य ठरविले आहे. ते प्रत्यक्षात किती दुकानांत पाळले जाते, हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आयुर्वेदीय औषधांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये आयुर्वेदीय औषधाच्या निर्मितीस परवाना लागतो. विक्रीस तसा परवाना लागत नाही. त्यामुळे किराणा दुकानापासून फार्मसीपर्यंत कोठेही ते मिळते आणि ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य औषधाबरोबर विनामूल्य मिळते. याच कायद्याच्या नियमावलीस जोडलेल्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये वत्सनाभ, कुपीलु, धत्तूर, भल्लातक, जयपाल, पारद, हिंगुळ, हरताळ इत्यादी विषद्रव्यांची यादी आहे. ही द्रव्ये असलेल्या आभ्यंतर कल्पाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. आता ज्वर येताच दुकानातून सहज मागून नेली जाणारी त्रिभुवनकीर्ती पाहा: तीत हिंगुळ व वत्सनाभ आहेत. अग्नितुंडीत वत्सनाभ व कुपीलु, तर आरोग्यवर्धिनीत कज्जली. हे कल्प योग्य मात्रेत, योग्य रुग्णात उत्तम कार्य करतात याविषयी दुमत नाही. परंतु ते महिनोन्‌महिने वैद्यास न विचारता नेणाऱ्या ग्राहकास थांबवू शकणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे विक्रेता. असे कल्प वेगळ्या फळीवर ठेवावेत आणि चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. धंद्यास यामुळे थोडी झळ बसेल, हे मान्य.

दुसरा विषय संयोगाचा. आजचा बहुतेक प्रौढ रुग्ण रक्तदाब, मधुमेह वा थायरॉइडची आधुनिक औषधे घेतच आयुर्वेदाकडे येतो. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात सोडियम व जल साचते आणि पोटॅशियम घटते. मूत्रल औषध वा डिगॉक्सिन चालू असलेल्या रुग्णात हे धोक्याचे ठरते. सर्पगंधेत रेसर्पिन असल्याने रक्तदाबाच्या इतर गोळ्यांसमवेत दाब प्रमाणाबाहेर उतरू शकतो. इसबगोल थायरॉक्सिनच्या गोळीबरोबरच घेतल्यास त्या गोळीचे शोषण कमी होते. दोहोंत काही तासांचे अंतर हवे. अशा वेळी विक्रेत्याने निदान करावे अशी अपेक्षा नाही. ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ एवढा प्रश्न विचारून, शंका येताच रुग्णास वैद्याकडे पाठवावे.

कोविडच्या काळात गुळवेलीचा वापर घरोघर झाला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवन केलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकार प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटविली नसल्याचे, सदृश अशी दुसरी जाती वापरात आली असण्याची शक्यता असल्याचे म्हटले. वाद कोणत्याही बाजूने सुटो. द्रव्य कोठून आले, कोणी ओळखले, किती दिवस घेतले, याची नोंद ठेवण्याची सवय आपल्याकडे नाही, ही उणीव त्यातून उघडी पडली.

येथे वैद्यबंधूंसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. आपल्यापैकी अनेकजण नावाशिवाय पुड्या बांधून देतात. रुग्ण उद्या अत्यवस्थ होऊन अन्य रुग्णालयात गेला, तर त्याच्या पोटात काय गेले आहे हे कोणीच सांगू शकत नाही; आणि शेजारच्या फार्मसीवाल्याने संयोगाचा विचार करावा अशी अपेक्षा मग कोणत्या तोंडाने करावी? कल्पाचे नाव, निर्माता, मात्रा, अनुपान, औषधकाल आणि किती दिवस, एवढे वाचता येईल अशा अक्षरात लिहून द्यावे. ‘कोष्ण जल’ लिहिल्यास ते कोमट पाणी हे विक्रेत्याने रुग्णास समजावून सांगावे.

आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी आयुष मंत्रालयाची औषधदक्षता योजना २०१८ पासून राबविली जात असून नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय केंद्र आहे. रुग्णाने औषधाविषयी तक्रार केल्यास विक्रेत्याने डबी टाकून न देता ती जपावी, बॅच क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच दिवशी संबंधित वैद्यास कळवावे. वैद्याने तो अहवाल नजीकच्या औषधदक्षता केंद्राकडे पाठवावा.