भंडाऱ्यात ‘प्रथमच’ दिसलेला चतुर

‘जिल्ह्यात प्रथमच आढळ’ हे शब्द वाचले की वाटते, कोणीतरी पाहुणा लांबून उडत येऊन भंडाऱ्यात उतरला. चतुरांच्या बाबतीत बहुतेक वेळा तसे काही घडलेले नसते. चतुर तिथलाच असतो, त्याच्या कित्येक पिढ्या त्याच बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, वाढलेल्या असतात. नवे असते ते त्याला थांबून पाहणारे, त्याची ओळख पटवणारे आणि तारीख-ठिकाण टाकून ते लिहून ठेवणारे माणूस. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून असते. ती मूल जन्मल्याची नसते, गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर लिहिलेली असते. पहिल्या नोंदीची तारीखही अशीच दाखल्यावरची समजावी. म्हणून नोंद फुकट ठरत नाही. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला अशा नोंदी हव्याच आहेत. मात्र त्या कशासाठी हव्यात हे कळले नाही, तर ‘प्रथमच’ या शब्दाची हौस तेवढी भागते आणि खरे काम राहून जाते.

चतुर आणि टाचणी हे एकाच गणातले दोन भाऊबंद. चतुर दणकट, बसला तरी पंख पसरून ठेवणारा. टाचणी नाजूक, बहुधा पंख पाठीवर मिटून बसणारी. दोघांचेही बालपण पाण्यात जाते. मादी पाण्यात किंवा पाणवनस्पतीत अंडी घालते, अळी पाण्यातच डासांच्या अळ्यांपासून बारीक माशांपर्यंत मिळेल ते खाऊन मोठी होते, मग एखाद्या काडीवर चढून कात टाकते आणि पंख घेऊन उडते. आपल्याला दिसतो तो चतुर म्हणजे आयुष्याचा शेवटचा, काही आठवड्यांचा तुकडा. म्हणून कुठला चतुर कुठे राहील हे पाणी ठरवते, आणि पाण्याच्या बाबतीत भंडारा श्रीमंत आहे. वैनगंगा, बावनथडी, सूर, चुलबंद या नद्या आहेत. कोहळी समाजाच्या जाणकारीने घडलेले, मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’ म्हणजेच मामा तलाव म्हणून ओळखले जाणारे तलाव आहेत, शेतातल्या बोड्या आहेत आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या आहेत. यातले प्रत्येक पाणी वेगळे. धानाच्या बांधीवर काळ्या-पांढऱ्या पंखांचा न्यूरोथेमिस टुलिया रमतो. गावाजवळच्या गढूळ, सांडपाणी मिसळलेल्या डबक्यावर नारिंगी पंखांचा ब्रॅकिथेमिस कन्टॅमिनाटा खुशाल नांदतो. वाहत्या, वाळू-गोट्यांच्या पाण्याला बांधलेल्या काही जाती मात्र अशा डबक्याकडे फिरकत नाहीत.

एवढ्या पाण्याच्या जिल्ह्याची चतुरांची यादी मोठीच असणार, असा अंदाज कोणीही करील. पण यादी पाण्यावर ठरत नाही, पाहणारे कुठे फिरले यावर ठरते. भारतीय चतुरांच्या अभ्यासाचा पाया फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या डॉक्टरने घातला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले त्याचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ मध्ये निघाले आणि आजही चतुर ओळखणारा माणूस त्यांच्याकडे वळतो. त्या खंडांमध्ये सह्याद्री, निलगिरी आणि ईशान्येच्या डोंगरांची माहिती दाट आहे, मध्य भारताच्या सपाटीची विरळ. विदर्भाची सविस्तर यादी आशिष टिपले आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये टिपले आणि पंकज कोपर्डे यांनी सगळ्या महाराष्ट्राची यादी दिली, तिच्यात १३४ जाती होत्या. त्यानंतरही भर पडतच राहिली. २०१९ मध्ये सिंधुदुर्गातल्या वराड गावातून सेरिअ‍ॅग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी आणि २०२२ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या चौकुळहून बर्मागॉम्फस चौकुळेन्सिस हा चतुर, अशा दोन जाती विज्ञानाला नव्याने कळल्या. ज्या सह्याद्रीत शंभर वर्षे अभ्यासक हिंडत आहेत तिथे अजून विज्ञानाला ठाऊक नसलेल्या जाती निघतात. मग लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या तलावावर जिल्ह्याच्या यादीत नसलेली जात दिसली तर आश्चर्य कशाचे? यादीतली रिकामी जागा म्हणजे ‘तो तिथे नाही’ असे नव्हे. ‘तिथे कोणी पुरेसे पाहिले नाही’ एवढाच तिचा अर्थ.

यावर एक आक्षेप हमखास येतो. हवामान बदलते आहे, प्राणी आपापले मुलूख सोडून सरकत आहेत, मग नवा चतुर खरोखरच नव्याने आलेला नसेल कशावरून? आक्षेप पोकळ नाही. युरोपात हे घडले आहे आणि सिद्धही झाले आहे. एरिथ्रोमा व्हिरिड्युलम नावाची लाल डोळ्यांची छोटी टाचणी ब्रिटनमध्ये प्रथम १९९९ साली एसेक्स परगण्यात दिसली आणि पुढच्या काही वर्षांत इंग्लंडच्या मोठ्या भागात पसरली. तिथे ‘आली’ हे क्रियापद ठामपणे वापरता आले, कारण त्याआधी अनेक दशके त्याच तळ्यांवर हौशी मंडळी वर्षानुवर्षे जाऊन काय दिसले ते लिहीत होती. टाचणी आधी नव्हती, याचा पुरावा त्या वह्यांमध्ये होता. भंडाऱ्यात तसा पुरावा उभा करता येत नाही. त्यामुळे पहिल्या फोटोवरून तापमानवाढीचा निष्कर्ष काढणे म्हणजे उताराच्या दुसऱ्या टोकाची उंची न मोजता उतार किती ते सांगणे. शक्यता नोंदवावी, ठासून सांगू नये. मोहाचा भाग असा की हवामानबदलाचे नाव घेतले की बातमीला वजन येते, आणि ‘आम्ही आजवर पाहिले नव्हते’ हे वाक्य कोणी छापत नाही.

जुनी नोंद नसल्याची किंमत किती मोठी असते याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. पुढे पवनीच्या बाजूला नदीचा वाहता पट्टा साठलेल्या पाण्याचा झाला. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येते, हेही आता सर्वांना ठाऊक आहे. वाहते पाणी थांबले आणि गढूळले की चतुरांची वस्ती बदलते. वाळूच्या तळाशी रुतून बसणाऱ्या अळ्यांना गाळ मानवत नाही, त्यांची जागा कुठल्याही पाण्यात तग धरणाऱ्या जाती घेतात. वैनगंगेवर असेच घडले असणार हे तर्काने म्हणता येते. पण विदर्भाची सविस्तर यादी आली ती पायाभरणीनंतर पंचवीस वर्षांनी. धरणाआधीच्या नदीवर कोणत्या जाती होत्या हे सांगणारा साक्षीदार उरलेला नाही, आणि जे गमावले त्याची मोजदाद आता होणे नाही. आजच्या ‘प्रथमच’ नोंदींचे खरे मोल इथे आहे. कालचे रहस्य उलगडायला त्यांचा उपयोग थोडा. त्या उद्याच्या तुलनेसाठी आहेत. मामा तलावांमधला गाळ काढला जाईल किंवा नाही, त्यांच्या काठावर बेशरमाची झुडपे माजतील किंवा देवधान हे पाणगवत टिकेल, त्या प्रत्येक बदलाचा परिणाम वाचायला आजची पाटी लिहिलेली लागेल.

दुसरा आक्षेप सरहद्दीचा. चतुराला जिल्हा कळत नाही, मग ‘जिल्ह्यातली पहिली नोंद’ या खटाटोपाला अर्थ काय? हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. जिल्ह्याची रेघ सरकारने आखलेली असते आणि ती बदलतेही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या लिखाणात ‘नागझिरा, जिल्हा भंडारा’ असे आढळले तर ते तेव्हा बरोबर होते. आज मात्र नागझिरा गोंदियात आहे, आणि भंडाऱ्याकडे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातले कोका अभयारण्य आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग आहे. जुन्या कागदावरचा ‘भंडारा’ डोळे झाकून आजच्या यादीत घेतला की एखादी जात एका जिल्ह्यात उगाच वाढते आणि शेजारच्या जिल्ह्यात उगाच ‘प्रथमच’ सापडते. यावरचा उपाय जिल्हा सोडून देण्यात नाही, जिल्ह्यावर न थांबण्यात आहे. तलावाचे नाव, गाव, तालुका, अक्षांश-रेखांश आणि पाण्याचा प्रकार लिहिला असेल, तर रेघा कितीही वेळा पुसल्या तरी नोंद जागेवर राहते. नुसता ‘भंडारा’ लिहिलेला उत्तम फोटो शास्त्राच्या दृष्टीने अर्धाच.

फोटोचा विषय निघाला म्हणून ओळखीबद्दल. मोबाईलने काढलेल्या एका फोटोवर नोंद मान्य करावी का? बऱ्याच जातींसाठी करावी. पंखांवर पिवळे-काळे नक्षीकाम असलेला ऱ्हायोथेमिस व्हेरिगाटा दुरूनही दुसऱ्या कोणासारखा दिसत नाही. पण सगळे इतके सरळ नाहीत. काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला इक्टिनोगॉम्फस रॅपॅक्स तलावकाठच्या काडीवर बसलेला नेहमी दिसतो. नदीवर त्याच्यासारखाच गॉम्फिडिया टी-निग्रम दिसू शकतो. पहिल्याच्या पोटाच्या आठव्या खंडाला दोन्ही बाजूंनी पानासारखी रुंद किनार असते, दुसऱ्याला नसते. वरून काढलेल्या फोटोत ती किनार झाकली गेली की ओळख अंदाजावर येते. लाल क्रोकोथेमिस सर्व्हिलियाच्या पोटावर मधोमध बारीक काळी रेघ असते, तितक्याच लाल रोडोथेमिस रुफाच्या पोटावर ती नसते. अ‍ॅग्रिओक्नेमिस पिग्मियासारख्या जेमतेम दोन सेंटीमीटरच्या टाचणीची कोवळी मादी लाल असते आणि वयाबरोबर रंग बदलते, म्हणजे एकच जात दोन नावांनी यादीत जाण्याची सोय. अशा टाचण्यांमध्ये नराच्या पोटाच्या टोकाची अवयवरचना पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. इथे कीटक मारून संग्रहात ठेवण्याचा वाद उभा राहतो. प्रत्येक नोंदीसाठी जीव घेणे अनाठायी आहे, पण संग्रहातला नमुना कधीच नको हा हट्टही टिकत नाही. जातींची नावे पुढे बदलतात, एका जातीच्या दोन होतात, आणि तेव्हा पुन्हा तपासता येतो तो नमुनाच. बहुतेक वेळा मधला मार्ग पुरतो: परवानगी असेल तिथे जाळीने पकडावे, पंख धरून बाजूने, वरून आणि शेपटीच्या टोकाचे फोटो घ्यावेत, सोडून द्यावे. खरोखर शंकास्पद जातीचा एखादा नर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेसारख्या संग्रहात जावा.

ओळख पटली तरी एक प्रश्न उरतो: हा इथला रहिवासी की वाटसरू? चतुरांइतके लांब उडणारे कीटक थोडे आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस शेतावर थव्याने फिरणारा पिवळसर पँटाला फ्लॅव्हेसेन्स ऑक्टोबरपासून मालदीव बेटांवर उतरतो, आणि तिथे गोडे पाणी साचतच नाही म्हटले तरी चालेल. चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले की हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. मालदीवमध्ये हजारोंनी दिसणारा चतुर मालदीवचा ठरत नाही, मग भंडाऱ्यात एकदा दिसलेली एखादी जात भंडाऱ्याची कशी ठरेल? पुरावा लागतो तो पैदाशीचा. नर-मादीची जोडी, अंडी घालणारी मादी, आणि सर्वात पक्की म्हणजे काठावरच्या गवताला चिकटून राहिलेली कात, कारण ती अळी त्याच पाण्यात वाढली याची खूण आहे. कातीकडे आपल्याकडे फार कमी लोक पाहतात. ती उडत नाही, फोटोत सुंदर दिसत नाही, पण दहा देखण्या फोटोंपेक्षा जास्त सांगते.

हे काम मोठ्या संस्थांची वाट पाहणारे नाही. भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी या गावांतल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी जवळचे एक-एक पाणी वाटून घ्यावे: एकाने मामा तलाव, एकाने नदीचा पट्टा, एकाने बोडी, एकाने धानाची बांधी. महिन्यातून एकदा, ठरावीक वेळी, जून ते मे असे वर्षभर पाहावे. काही टाचण्या पावसातच उठून दिसतात आणि एरवी झुडपांत दडतात, म्हणून नुसत्या हिवाळी सहलीतून यादी होत नाही. ज्या फेरीत काही दिसले नाही तीही तारखेसह लिहावी. ब्रिटनमधल्या टाचणीची गोष्ट अशा ‘दिसले नाही’च्या ओळींवरच उभी आहे. अभयारण्यात जाण्याआधी वनविभागाची परवानगी घ्यावी, शंका असलेली ओळख जाणकाराकडून तपासून घ्यावी, आणि अहवालात ‘जिल्ह्यात प्रथमच’ लिहिण्याआधी १९९९ पूर्वीची भंडाऱ्याची जुनी नोंद आजच्या कोणत्या जिल्ह्यात पडते ते एकदा पाहावे.