अग्नी, माती आणि ख्रिस्ती श्रद्धा

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांचे दहन आर्नो नदीकाठी झाले, तेही ख्रिस्ती शहरात. पोपच्या दरबाराने दहनावर बंदी घातली ती त्यानंतर, 1886 मध्ये. हा क्रम बोलका आहे. चर्चचा राग आगीवर नव्हता. दहनाचा पुरस्कार करून पुनरुत्थानाची थट्टा करणाऱ्या युरोपातल्या धर्मविरोधकांवर होता. तो संदर्भ विरल्यावर 1963 मध्ये रोमने दहनाला मुभा दिली. 2016 च्या सूचनेत मात्र अस्थी विखुरण्यास मनाई कायम ठेवली.

देह जळाला तर पुनरुत्थान कसे, ही शंका प्रामाणिक आहे. पण टिकणारी नाही. दफन केलेला देहही मातीच होतो. लिओं येथील हुतात्म्यांचे देह इ. स. 177 मध्ये जाळून राख रोन नदीत टाकली गेली, तरी त्यांच्या पुनरुत्थानाविषयी चर्चने कधी शंका घेतली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दफन ही ख्रिस्ताच्या कबरीची आठवण आहे, आणि दहन म्हणजे हिंदू रीत. ऑर्थोडॉक्स चर्च आजही दफनावरच ठाम आहे. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी स्वतःचे दहन व्हावे अशी इच्छा ठेवली होती आणि 1919 मध्ये ती पाळली गेली. त्यांना कच्चा ख्रिस्ती कोण म्हणेल? कोल्हापूरच्या कळंब्यासारख्या वाढत्या उपनगरांत जमीन महागते आहे, तेव्हा अडचणीपोटी दहन निवडणाऱ्या कुटुंबाला श्रद्धेचा दाखला मागण्याचे कारण नाही. आप्तांच्या कबरीशेजारीच विसावू इच्छिणाऱ्यालाही नाही.