सूर्याची वीज आणि आपले पडीक रान

मोटेची जागा पंपाने घेतली त्या दिवसापासून वीज हे शेतीचे एक अवजारच झाले आहे. विहीर तुडुंब असूनही तारेत वीज नसेल तर उभे पीक वाळते, हे प्रत्येक बागाइतदारास ठाऊक आहे. म्हणून देशाची वीज कशापासून निघते हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा नसून आपलाही आहे.

न सरणाऱ्या शक्तीची ओळख आपणांस नवी नाही. खोपोलीस टाटांचे जलविद्युतगृह १९१५ साली सुरू झाले व सह्याद्रीवरील पावसाच्या बळावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. सूर्याची पाळी पुष्कळ उशिरा आली. केंद्र सरकारने २०१० साली राष्ट्रीय सौर मोहीम हाती घेतली तेव्हा देशात सौर वीज नावापुरतीच होती. २०२५ च्या आरंभी मात्र सौर केंद्रांची क्षमता १ लाख मेगावॉटच्या वर गेली. आणि त्याच वर्षी जूनअखेर पाणी, वारा, सूर्य, जैव पदार्थ व अणू यांवर चालणाऱ्या केंद्रांचा वाटा देशाच्या एकूण क्षमतेच्या निम्मा झाला. ही मजल २०३० पर्यंत गाठावयाची होती. ती पाच वर्षे आधीच गाठली गेली.

परंतु क्षमता निराळी व उत्पन्न निराळे. सातबाऱ्यावरील क्षेत्र पाहून खळ्यातील धान्य मोजता येत नाही, तसेच हे आहे. एक मेगावॉटचे सौर केंद्र वर्षास साधारण १५ ते १७ लाख युनिट वीज देते. तेवढ्याच क्षमतेचे कोळशाचे केंद्र नीट चालविल्यास ६० लाखांपर्यंत देऊ शकते. कारण उघड आहे: सूर्य रात्री नसतो व पावसाळ्यात झाकला जातो. याचमुळे २०२४ सालीही देशात निर्माण झालेल्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच होती.

गिरणीस जी उणीव, ती शेतकऱ्यास मात्र सोयीचीच ठरते. पिकास पाणी द्यावयाचे ते दिवसा, आणि सूर्याची वीजही दिवसाचीच. रात्रपाळीची वीज घेऊन सर्प, विंचू व बिबट्या यांच्या भीतीत दारे धरणे किती जिवावरचे आहे, हे निराळे सांगावयास नको. या हेतूनेच महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. गावाच्या उपकेंद्राजवळ सौर केंद्र उभारावयाचे व त्याची वीज शेतीच्या वाहिनीस दिवसा पुरवावयाची, अशी तिची रचना आहे. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीचे भाडे हेक्टरी सालिना १ लाख २५ हजार रुपये व दरसाल शेकडा ३ वाढ असे ठरविण्यात आले. एका मेगावॉटास सुमारे चार ते पाच एकर जागा लागते.

मुरमाड पड जमिनीस हा दर वाईट नाही. परंतु करार एका पिढीचा असतो. वीजखरेदीची मुदतच २५ वर्षांची असल्यामुळे आज सही करणाऱ्याच्या मुलास कदाचित जमीन परत मिळेल. म्हणून बागाइत रान देऊ नये. भाडेपट्टा नोंदवून घ्यावा; सहहिस्सेदारांची संमती लेखी असावी; सातबाऱ्याच्या इतर हक्कांत काय नोंद होते ते स्वतः वाचावे. वाढ मूळ दरावर की मागील सालच्या दरावर, शेजाऱ्याची वहिवाटीची वाट कोठून जाणार, आणि मुदत संपल्यावर खांब व पाया कोणी उपटावयाचा, ही कलमे स्पष्ट असल्यावाचून अंगठा वा सही करू नये.

ऊन फुकट आहे. ज्या जमिनीवर ते पडते ती फुकट नाही. देशाच्या या नव्या उद्योगात आपले भांडवल जमीन आहे, आणि भांडवलदाराने कागद वाचल्याखेरीज भांडवल घालू नये.